तोफेचे कूळ आणि नावाचे मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असा सल्ला आपल्या पूर्वजांनी देऊन ठेवला आहे. त्यात तोफेचा उल्लेख नाही, एवढ्याच आधारावर प्रस्तुत लेखाचा प्रपंच आम्ही मांडत आहोत.

निमित्त किरकोळ होते. बखर वाङ्मय शिकविणारे आम्ही तीन प्राध्यापक पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यांना घेऊन एका छोट्या संग्रहालयात गेलो होतो. शस्त्रांची नावे शिकविताना आमचीच भंबेरी उडते. जंबुरा, जेजाल, गरनाळ, सुतरनाळ असे शब्द फळ्यावर लिहून झाले की पुढे काय सांगावे हे आम्हांस सुचत नाही. निदान वस्तू तरी दाखवावी, हा हेतू. संग्रहालयाच्या व्हरांड्यात दोन ओंडक्यांवर एक लहानशी पितळी तोफ ठेवली होती. नळी शाबूत, तोंडाशी कडे, दोन्ही अंगांना खुंट्या; मात्र मागच्या बाजूला नळी बंद होण्याऐवजी वरून उघडी, पन्हळीसारखी झालेली, आणि तिच्यामागे एक दांडा. शेजारच्या पुठ्ठ्यावर दोनच शब्द होते : ‘तुटलेली तोफ’. आम्ही पुढे निघालोही होतो. एका विद्यार्थिनीने मात्र त्या उघड्या भागाच्या कडेवरून बोट फिरविले आणि विचारले, तुटली असेल तर कडा इतक्या गुळगुळीत कशा? आणि दोन्ही भिंतींना समोरासमोर ही भोके कशाला?

उत्तर आम्हांस त्या दिवशी देता आले नाही. ते शोधता शोधता जे हाती लागले, त्यातील काही भाग वाङ्मयाच्या अभ्यासकांनाही उपयोगी पडेल असे वाटते. कारण या तोफेच्या उगमाचा वाद शेवटी एका शब्दापाशी येऊन थांबतो, आणि तो शब्द आपल्या घरातला आहे.

ती तोफ तुटलेली नव्हती. ती मागून भरायची तोफ होती. आपल्या परिचयाच्या बहुतेक तोफा तोंडाने ठासावयाच्या : तोंडातून दारू घालायची, वर बोळा, मग गोळा, आणि हे सारे गजाने आत दाबायचे. मागून भरायच्या तोफेत दारूसाठी वेगळी कोठी असते. धातूच्या जाड तांब्यासारखे भांडे, त्याला बहुधा एक मूठ, आणि मागच्या अंगाला रंजकीचा कान. ही कोठी आधीच भरून ठेवायची, तोफेच्या पन्हळीत बसवायची, तिचे तोंड नळीच्या मागच्या तोंडाशी भिडवायचे, आणि मागून आडवी पाचर ठोकून ती घट्ट आवळायची. ती भोके याच पाचरीची. बार झाला की पाचर काढायची, रिकामी कोठी उचलायची, दुसरी भरलेली बसवायची. एका नळीबरोबर अनेक कोठ्या असत, त्यामुळे बारामागून बार काढता येई. जहाजाच्या कठड्यावर बेचक्यात बसवून, मागच्या दांड्याने हवी तिकडे वळवून, चढू पाहणाऱ्या शत्रूवर मारा करण्यास याहून सोयीचे साधन त्या काळी नव्हते. दोषही उघडच होता. कोठी आणि नळी यांच्या सांध्यातून धूर आणि जाळ निसटे, जोर कमी पडे, आणि म्हणून तटबंदी फोडण्याच्या कामी या तोफा फारशा आल्या नाहीत.

कोठ्या सुट्या असल्याने हरवतातही त्याच. जगभरच्या संग्रहालयांत अशा तोफा पोटातली कोठी गमावून बसल्या आहेत. आमच्या पुठ्ठेवाल्याची चूक त्यामुळे क्षम्य म्हटली पाहिजे.

या दोन भागांना निरनिराळ्या भाषांनी दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत. चिनी लोकांनी नळीला ‘आई-तोफ’ आणि कोठीला ‘मूल-तोफ’ म्हटले. इटालियन दर्यावर्दी कोठीला ‘मास्कोलो’ म्हणत, म्हणजे नर. पोर्तुगीजांच्या या जातीच्या एका लहान तोफेचे नाव ‘बेर्सु’, आणि पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा रूढ अर्थ पाळणा असा आहे. चिनी आईच्या कुशीतले मूल आणि पोर्तुगीज पाळणा यांची सांगड घालण्याचा मोह कोणाही वाङ्मयाच्या माणसाला होईल, आम्हांसही झाला. परंतु तोफेच्या या नावाचा पाळण्याशी व्युत्पत्तीचा संबंध आहे असे गृहीत धरण्यास पुरेसा आधार नाही, आणि शब्दांचे नुसते साम्य पाहून वंशावळ मांडणे हा आपल्या शास्त्रातला जुना रोग आहे. मराठीत तोफेला ‘भांडे’ म्हणत, हेही येथे आठवते. शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदांत किल्ल्यावरची ‘भांडी’ म्हणजे स्वयंपाकाची नव्हेत, हे विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगावे लागते.

आता उगमाकडे वळू. स्वतंत्र कोठीची तोफ युरोपात इसवी सन १४०० च्या आसपासपासून ठळकपणे दिसू लागते. तिच्या जन्माचे कारण कल्पकतेपेक्षा अडचणीत अधिक आहे. मोठी नळी ओतण्याची विद्या महाग आणि बेभरवशाची होती. त्यामुळे लोहार लोखंडाच्या लांब पट्ट्या पिंपाच्या फळ्यांसारख्या गोलाकार जुळवीत आणि त्यांवर तापलेली कडी चढवून त्या आवळीत. अशी नळी दोन्ही टोकांना उघडी राहते. एक टोक बुजविणे अवघड. मग ते बुजवूच नये, तेथे दारूची कोठी वेगळी बसवावी, हा तोडगा. बर्गंडीच्या सरदारांच्या शस्त्रागारांत अशा तोफा पंधराव्या शतकात होत्या. १५४५ मध्ये बुडालेले आणि १९८२ मध्ये वर काढलेले ‘मेरी रोझ’ हे इंग्रजी जहाज याच घडणीच्या लोखंडी तोफा बाळगून होते. पुढे हाच आकार काशात ओतला जाऊ लागला.

हिंदी महासागरात ही तोफ पोर्तुगीज जहाजांबरोबर आली, याला आता पाण्याखालचा पुरावाही आहे. वास्को द गामाच्या दुसऱ्या सफरीतील, विसेन्ते सोद्रे याच्या तुकडीचे एक जहाज १५०३ मध्ये ओमानजवळच्या अल् हल्लानिया बेटापाशी बुडाले. २०१३ नंतर झालेल्या उत्खननात तेथून अशा कोठ्या मिळाल्या. नळ्या गेल्या आणि कोठ्या राहिल्या, असा हा आमच्या संग्रहालयाच्या अगदी उलट प्रकार!

येथवर सारे सरळ वाटते : युरोपात जन्म, पोर्तुगीजांच्या हस्ते आशियात प्रसार. चिनी भाषेत या तोफेचे नावच ‘फोलांगजी’, म्हणजे ‘फिरंगी’. फ्रँक लोकांसाठी अरबांनी आणि इराणी लोकांनी वापरलेला ‘फरंग’, ‘फरंगी’ हा शब्द समुद्रमार्गे चीनला पोहोचला. ‘र’चा ‘ल’ झाला. पोर्तुगीजांना ‘फोलांगजी’ म्हटले गेले आणि त्यांच्या तोफेलाही तेच नाव पडले. मिंग राजवटीचा अधिकृत इतिहास अठराव्या शतकात, १७३९ मध्ये, पूर्ण झाला. त्यात या नावाचा जणू जन्मदाखलाच दिलेला आहे. १५२३ च्या सुमारास ग्वांगतुंगच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांशी चकमक झाली, त्यांची जहाजे आणि तोफा हाती लागल्या, वांग होंग या अधिकाऱ्याने त्या दरबारी पाठविल्या, आणि म्हणून तोफेला ‘फोलांगजी’ हे नाव मिळाले, असा त्याचा आशय. त्या सुमारास नानकिंगमध्ये सरकारी कारखान्यात मोठ्या आकाराच्या ३२ ‘फोलांगजी’ ओतल्या गेल्याची नोंदही आहे. वर्ष, प्रसंग, अधिकारी, सारे जागच्या जागी. अधिकृत इतिहासाची ही टापटीप पाहून बखरींच्या वाचकाने सावध व्हावे, हे उत्तम.

या टापटिपीला तडा जातो तो एका तत्त्ववेत्त्याच्या टिपणाने. वांग यांगमिंग हे नाव चिनी तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. हा पुरुष विचारवंत होता, तसाच सेनानीही होता. १५१९ मध्ये एका राजपुत्राने बंड केले आणि ते मोडण्याचे काम वांगकडे आले. फूच्येन प्रांतात निवृत्त जीवन जगणाऱ्या लिन च्युन नावाच्या वृद्ध अधिकाऱ्याला ही वार्ता कळली. त्याने रातोरात कथलाचा एक नमुना करविला, दारूची कृती स्वहस्ते लिहिली, आणि दोन नोकरांबरोबर भर उन्हाळ्यात आडवाटांनी तीन हजारांहून अधिक ली अंतर रात्रंदिवस चालवून तो वांगकडे रवाना केला. नमुना होता ‘फोलांगजी’चा. नोकर पोहोचले तेव्हा बंडखोर पकडला जाऊन सात दिवस झाले होते! तोफ उपयोगी पडली नाही. म्हातारपणी, कोणी सांगितले नसता, राज्यावरच्या संकटाची एवढी कळकळ वाटावी याने वांग हेलावला, आणि त्याने त्या प्रसंगावर गद्य आणि पद्य लिहून ठेवले.

या टिपणाचे महत्त्व दुहेरी आहे. अधिकृत इतिहासात ज्या लढाईतून नाव जन्मले असे सांगितले आहे, तिच्या चार वर्षे आधी फूच्येनमधल्या एका निवृत्त गृहस्थाला तोफही ठाऊक होती, तिचे नावही, आणि तिचा नमुना करण्याइतकी तिची रचनाही. दुसरे असे, की हा पुरावा शस्त्रागाराच्या यादीतून आलेला नाही. तो कृतज्ञतेपोटी लिहिलेल्या वाङ्मयातून आलेला आहे. लेखकाला तोफेचा इतिहास सांगायचाच नव्हता. सांगायचा नव्हता म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

पोर्तुगीजांची पहिली अधिकृत वकिलात, तोमे पिरेशची, कँटनला आली १५१७ मध्ये. दोन वर्षांत तोफेची माहिती किनाऱ्याने फूच्येनपर्यंत पोहोचणे अशक्य नाही. परंतु फूच्येनमध्येच १५१० मध्ये लुटारूंविरुद्ध अशा तोफा वापरल्याचा उल्लेखही सांगितला जातो. या साऱ्याचा विचार करून फ्रेंच चीनविद्यापंडित पॉल पेलिओ यांनी आणि त्यांच्यामागून जोसेफ नीडहॅम यांनी अशी शक्यता मांडली की, तोफ चीनमध्ये पोर्तुगीजांच्या आधी, मलायी व्यापाऱ्यांच्या हस्ते आली असावी. म्हणजे पाहुण्याआधी त्याचे सामान पोहोचले, तेही पाहुण्याच्या नावाची चिठ्ठी लावून! १५१७ मध्ये कँटनला असलेल्या कू यिंगश्यांग या अधिकाऱ्यालाही हा घोटाळा जाणवला होता. मोठ्या पोटाची, लांब मानेची, पाच सुट्या कोठ्यांची तोफ त्याने पाहिली, आणि ‘फोलांगजी’ हे देशाचे नाव आहे, तोफेचे नव्हे, असे आवर्जून नोंदविले. हे सांगावे लागले याचा अर्थ लोक उलटे समजत होते. त्यात चिनी लिपीची भर अशी की, या नावातील ‘जी’साठी निवडलेल्या अक्षराचा अर्थ यंत्र किंवा यांत्रिक साधन असा आहे. ऐकणाऱ्याला लोकांचे नाव, वाचणाऱ्याला यंत्राचे.

मलायी व्यापाऱ्यांकडे ती कोठून आली, हा पुढचा प्रश्न. येथे तुर्कस्तानाकडे वळावे लागते. ऑटोमन आरमारात मागून भरायच्या लहान तोफांना ‘प्रांगी’ म्हणत. ऑटोमन शस्त्रांचे अभ्यासक गाबोर आगोश्तोन यांनी ‘गन्स फॉर द सुल्तान’ (२००५) या ग्रंथात या नावाचा संबंध इटालियन-स्पॅनिश ‘ब्रागा’शी दाखविला आहे. इटालियन दर्यावर्दी या तोफेला ‘ब्रागावाली’ तोफ म्हणत. आणि ‘ब्रागा’ म्हणजे मुळात विजार! इंग्रजीतील ‘ब्रीच’ हा शब्दही विजारीच्याच घराण्यातला. तसे असेल तर या तोफेच्या नावात फ्रँक लोक मुळात नव्हतेच. तोफेच्या मागच्या भागाचे नाव तुर्कांनी ‘प्रांगी’ असे उचलले. अरबीत ‘प’ नाही, तेथे त्याचा ‘फ’ होणे स्वाभाविक. आणि ‘फरंगी’ हा शब्द तर शेजारीच तयार उभा होता. ज्याला आपण लोकव्युत्पत्ती म्हणतो, तिचे याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. आमचे मत असे की, ‘ब्रागा’ की ‘फरंग’ असा निवाडा करण्यात अर्थ नाही. दोन शब्द एकमेकांत मिसळले, आणि मिसळल्यावर जो तयार झाला त्याने दोघांचेही काम केले.

हा मुद्दा केवळ शब्दांच्या खेळाचा असता तर आम्ही येथे थांबलो नसतो. त्यावर इतिहासाचा एक महत्त्वाचा निर्णय अवलंबून आहे. बाबराच्या आत्मचरित्रात १५१९ च्या जानेवारीत बाजौरच्या वेढ्याच्या वेळी उस्ताद अली कुलीने ‘फिरंगी’ दोनदा डागल्याचा उल्लेख येतो. १५२६ च्या पानिपतच्या वर्णनातही ‘फिरंगी’ आहे. ‘फिरंगी’ म्हणजे पोर्तुगीजांची, असे मानले तर काबूलच्या डोंगरात, समुद्रापासून इतक्या दूर, ती पोर्तुगीजांकडून कशी आली याची कथा रचावी लागते. ‘प्रांगी’ हा धागा धरला तर वाट सरळ होते : तुर्कस्तान, इराण, काबूल. पानिपतावर गाडे एकमेकांना बांधण्याची रीतही बाबराने ‘रूमी’, म्हणजे तुर्की, म्हणूनच सांगितली आहे. त्या फिरंगी तोफा मागून भरायच्याच होत्या असे केवळ नावावरून सिद्ध होत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. नाव वस्तूला चिकटते तसे सुटतेही.

दख्खनमध्ये तर ‘रूमी’ आणि ‘फिरंगी’ हे दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी वाहत होते. विजापूरची मुलुखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतणारा महंमद बिन हुसेन हा रूमी. उलट कालिकतच्या सामुरी राजासाठी तोफा ओतणारे दोघे कारागीर मिलानचे. ते १५०३ मध्ये पोर्तुगीज ताफ्यातून फुटून राजाकडे गेले आणि १५०६ मध्ये मारले गेले. वार्थेमा या प्रवाशाने त्यांनी लहानमोठ्या चारपाचशे तोफा केल्याचे सांगितले आहे. आकडा फुगवलेला असला तरी विद्या कशी पसरते हे त्यातून कळते. तिला आरमारांपेक्षा दोन असंतुष्ट कारागीर पुरतात.

आणि आपला ‘फिरंग’? मराठीत फिरंग ही तोफ नाही, तलवार आहे : सरळ, लांब, परदेशी पात्याची, मूठ मात्र बहुधा येथली. चाकणचा किल्ला १६६० मध्ये लढविणाऱ्या किल्लेदाराचे नाव फिरंगोजी. भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त फिरंग हा रोग आहे, आणि तो फिरंग देशातून आला म्हणून त्याचे ते नाव, असे कारणही दिलेले आहे. चीनमध्ये तोफ, महाराष्ट्रात तलवार, संस्कृत वैद्यकात उपदंश : समुद्रावरून जे जे आले त्याला एकच विशेषण पुरले. (कुरकुंभच्या फिरंगाईला मात्र या यादीत घाईने बसवू नये. ध्वनिसाम्याविषयी वर जे म्हटले ते आम्हांसही लागू आहे.) अशी नावे वस्तूचे जन्मस्थान सांगत नाहीत, नाव देणाऱ्याला ती कोणाच्या हातात प्रथम दिसली, एवढेच सांगतात. आपल्या विलायती चिंचेचे झाड मेक्सिकोकडचे आहे, आणि ते त्या नावाने बोलावले की ओही देते!

तरीही मूळ आपलेच असावे ही इच्छा प्रबळ असते. जावा बेटावर मागून भरायच्या काशाच्या सुंदर तोफा सापडतात. त्यांना आज ‘चेटबांग’ म्हणतात, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही त्यांचा एक नमुना आहे. या तोफा माजापहित साम्राज्याच्या काळातील, चौदाव्या शतकातील, म्हणजे पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीच्या, असे हिरिरीने मांडले जाते. १२९३ मध्ये मंगोल-चिनी सैन्याने जावावर स्वारी केली तेव्हा ही विद्या आली, असे त्याचे समर्थन. जावामधले कारागीर ओतकामात निष्णात होते यात संशय नाही. मलाक्का १५११ मध्ये पडले तेव्हा तेथे तीन हजार तोफा हाती लागल्याचे अल्बुकर्कच्या मुलाने लिहिले आहे, आणि त्यातील निम्म्या जरी खऱ्या धरल्या तरी पोर्तुगीजांनी तेथे तोफ शिकविली असे म्हणता येत नाही. परंतु तोफ असणे आणि मागून भरायची तोफ असणे या दोन गोष्टी आहेत. चीनमध्ये सापडलेल्या तेराव्या-चौदाव्या शतकांतील तोफा, १३३२ चा लेख असलेल्या प्रसिद्ध तोफेसह, सगळ्या तोंडाने भरायच्या आहेत. जे चीनजवळ तेव्हा नव्हते ते चिनी सैन्य जावाला कसे देणार? पोर्तुगीजांपूर्वी तुर्की किंवा अरब जहाजांतून ती रचना तेथे पोहोचली, हे आम्हांस अधिक संभाव्य वाटते; आणि तसे झाले असेल तर पेलिओंचे मलायी व्यापारीही आपोआप जागेवर बसतात.

शब्द फसवतो, म्हणून धातूकडे जावे, तर धातूही फसवतो. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील दोन शोध यासाठी उद्बोधक आहेत. १९१६ मध्ये कॅरोनेड बेटावर दोन लहान पितळी फिरत्या तोफा सापडल्या. पोर्तुगीजांनी ऑस्ट्रेलिया कुकच्या अडीचशे वर्षे आधी शोधला, या मांडणीचा त्या पुढे एक आधारस्तंभ झाल्या. जेरेमी ग्रीन या पुरातत्त्वज्ञाने घडण तपासून त्या आग्नेय आशियातील असल्याचे दाखविले, तेव्हा तो स्तंभ कोसळला. २०१० मध्ये डार्विनजवळच्या किनाऱ्यावर आणखी एक फिरती तोफ मिळाली, आणि पुन्हा तोच खेळ झाला : तिच्यातील शिशाचे नाते स्पेनमधील खाणीशी लागते असे जाहीर झाले, नंतर तोफेतील वाळूच्या कालमापनाने वर्ष १७५० च्या आसपास आणून ठेवले, आणि घडण आग्नेय आशियातील ठरली. शिसे स्पेनचे असूही शकेल. जुनी तोफ, फुटकी घंटा, जहाजाचे खिळे, सारे भट्टीत जाते आणि नवी तोफ होते. धातूचा पत्ता हा तोफेचा पत्ता नव्हे. शिवाय ब्रुनेई आणि बोर्निओच्या बाजूला लहान तोफा हुंड्यात देत, चलनासारख्या वापरीत. त्यांतील कित्येकींनी कधी गोळा पाहिलाही नसेल.

उरतो तो कोरीव लेख. कोरियामध्ये ‘बुल्लांगगी’ (हा आणखी एक ‘फिरंगी’) १५९२–९३ च्या युद्धात मिंग सैन्याबरोबर आली, असा समज होता. सोलमध्ये १५६३ चा लेख असलेल्या कोठ्या सापडल्या, आणि तो समज तीस वर्षे मागे ढकलावा लागला. त्या तोफांची परंपरा पुढे इतकी टिकली की कांगह्वा बेटावरील एका चौकीत १६८० चा लेख असलेली तोफ मिळाली आहे. युरोपातील मोठ्या शस्त्रांतून ही रचना तोवर मागे पडली होती. म्हणजे जन्म कोठेही झालेला असो, दीर्घायुष्य तिला आशियात लाभले.

आमच्या क्षेत्रात याला परिचित असे रूप आहे. मूळ हस्तलिखित हरवलेले, आणि प्रतींवरून प्रती. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती हाती आलेल्या प्रतींवरून. प्रत्येक लेखनिक काही सोडतो, काही घालतो, आणि कधी कधी त्याची भर मुळापेक्षा सरस असते. या तोफांचेही तसेच. चिनी कारागिरांनी कोठ्यांवर आणि नळ्यांवर अनुक्रमांक कोरले, सेनापती छी चिग्वांगने त्या गाड्यांवर चढवून उत्तर सीमेवर नेल्या आणि प्रत्येक नळीमागे नऊ कोठ्यांचा हिशेब बसविला. जहाजाची तोफ महाभिंतीची झाली. ही नक्कल म्हणावी की नवी रचना?

गोव्याचे उदाहरण तर आम्हांस सर्वांत अस्वस्थ करणारे वाटले. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा आदिलशाहीकडून घेतले तेव्हा तेथे तोफा, गोदी आणि कारागीर तयारच होते. त्या कारागिरांच्या कसबाची तारीफ त्याने पोर्तुगालच्या राजाला कळविली. पोर्तुगीजांचा तोफखाना पुढे तेथेच ओतला जाऊ लागला. जपानच्या क्यूशू बेटावरील सरदार ओतोमो सोरिन याला १५७६ मध्ये पोर्तुगीजांकडून मागून भरायची मोठी तोफ मिळाली. तिने १५८६ मध्ये उसुकीचा किल्ला वाचविण्यास हातभार लावला, आणि तिला ‘कुनिकुझुशी’, म्हणजे मुलूख उलथविणारी, असे नाव पडले. (मुलुखमैदानची जपानी मावसबहीणच!) ही तोफ आज तोक्योमध्ये आहे आणि ती गोव्यात ओतलेली असावी असे मानले जाते. जपानी पुस्तकांत ती पोर्तुगीज तोफ आहे. बर्गंडीच्या लोहारांची रचना, पोर्तुगीजांची मागणी, आदिलशाहीतून उरलेली ओतशाळा, कोकणी हात, आणि जपानी नाव. यांपैकी कोणाचा मुलगा म्हणून तिची नोंद करायची?

हा प्रश्न आमच्यापुढे लवकरच अगदी व्यावहारिक रूपात आला. ‘तुटलेली तोफ’ हा पुठ्ठा बदलावा असे आम्ही त्या संग्रहालयाला पत्राने सुचविले. उत्तर सौजन्याचे आले : नवा मजकूर आपणच द्यावा, नाव, काळ, मूळ, एवढ्या तीन ओळी. मराठी विभागाच्या खोलीत आम्ही तिघे त्या तीन ओळींसाठी दोन तास बसलो. एकाचे म्हणणे, ‘पोर्तुगीज’ लिहावे, कारण लोक विचारतात तेच. दुसऱ्याचे, ‘गोवा’ लिहावे, म्हणजे हातांना न्याय मिळेल; त्यावर, तोफेवर लेख नसताना गोवा कशावरून, हा रास्त आक्षेप. तिसऱ्याने ‘फिरंगी घडण’ असे सुचविले. शब्द त्या काळाचा आहे, खोटा नाही, आणि काही ठरवीतही नाही. त्यावर पहिल्याने विचारले, की पाहणाऱ्याला त्यातून काय कळणार? चहा थंड झाला.

मूळची ओळ आम्ही शेवटी कोरीच ठेवली. पाठविलेला मजकूर असा : मागून भरायची फिरती तोफ. मागील उघड्या भागात दारूची सुटी कोठी बसे. दोन्ही बाजूंची भोके पाचरीसाठी. कोठी गहाळ.